विज्ञान रंजक झालं, म्हणून काय बिघडलं?

मराठवाड्यात साहित्याचा मेळावा कुठंही भरो, नवोदितांच्या सत्रात एक उपदेश हमखास होतो. लेखकानं आपली माती वाचावी, आपली माणसं वाचावीत. ती विज्ञानाची गोष्टीवेल्हाळ पुस्तकं शाळकरी पोरांना ठीक आहेत. सभागृह मान डोलावतं. तिथून उठून एखाद्या महाविद्यालयाच्या विज्ञान विभागात जा, तर तिथंही हाच सूर. कारण तेवढं वेगळं: ज्याला समीकरण झेपत नाही, तो गोष्ट वाचतो. एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभी न राहणारी ही दोन घराणी या एका बाबतीत एकदिलानं नांदतात. रंजक विज्ञानलेखन हा हलका माल, आणि त्यावरून कुणाला काही लिहावंसं वाटलं असेल तर ते लिहिणंही हलकंच, असा दोघांचा निकाल.

हा निकाल मला मान्य नाही. त्यात तीन वेगवेगळी म्हणणी एकत्र गुंडाळली आहेत, म्हणून तो भक्कम वाटतो. जे रंजक ते पातळ, हे पहिलं. सर्जनाची प्रेरणा अनुभवातून येते, वाचलेल्या विज्ञानातून येत नाही, हे दुसरं. आणि दुष्काळ, कर्ज, स्थलांतर अंगावर असलेल्या जालन्यासारख्या जिल्ह्यात हे सगळे चोचले आहेत, हे तिसरं. एकेक सोडवून बघू, आधी पहिलं.

जे. बी. एस. हाल्डेन हे ब्रिटनमधले मोठे जनुकशास्त्रज्ञ. १९५७ साली ते भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. कामगारांच्या वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं सदर लिहिणारा हा माणूस होता. १९२६ साली त्यांनी प्राण्यांच्या आकारावर एक छोटा निबंध लिहिला. वाचताना हसू येतं, पण त्यातला हिशोब कडक आहे. माणूस उंचीला दसपट करा, रुंदी-जाडीही त्याच प्रमाणात वाढवा. वजन हजारपट होतं. ते पेलणाऱ्या हाडाचा छेद मात्र शंभरपटच वाढतो. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दसपट भार येतो आणि राक्षसाची मांडी पहिल्याच पावलाला मोडते. उलट्या दिशेनं जा. खोल खाणीत उंदीर पडला तर जरा दचकतो आणि चालू लागतो. घोडा पडला तर त्याच्या चिंधड्या होतात. आणखी लहान व्हा, मुंगीएवढे. आता पडण्याची भीतीच उरत नाही, भीती ओलं होण्याची. अंगाला चिकटलेला पाण्याचा पातळ थर तिच्या स्वतःच्या वजनाहून भारी असतो.

या चार-पाच पानी मजकुरात पातळ काय आहे? क्षेत्रफळ वर्गानं वाढतं, घनफळ घनानं वाढतं, हे भूमितीतलं सूत्र आपण शाळेत घोकतो आणि परीक्षेनंतर सोडून देतो. हाल्डेन त्याला काम देतात. निबंधाच्या शेवटी ते प्राण्यांवरून राज्यसंस्थांच्या आकारावर येतात, आणि तिथपर्यंत वाचक सूत्रासकट पोचलेला असतो. गोष्ट लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं तर ही खाणच. मुंगीची कथा लिहायची असेल तर तिला माणसाची भीती देऊन चालणार नाही, आकार बदलला की भयही बदलतं, हे कुठल्या कार्यशाळेत शिकवतात? याच हाल्डेनांनी १९२३ च्या एका व्याख्यानात गर्भाशयाबाहेर वाढवलेल्या मुलांची कल्पना मांडली. तीच पुढं आल्डस हक्सले यांच्या १९३२ मधल्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या कादंबरीत बाटल्यांमधून जन्मणाऱ्या पिढीचं रूप घेऊन आली.

विज्ञान विभागातल्या मंडळींसाठी दोन उदाहरणं राखून ठेवली आहेत. मायकेल फॅरेडे लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. बांधायला आलेल्या पुस्तकांत जेन मार्सेट या बाईंचं संवादरूपानं रसायनशास्त्र सांगणारं पुस्तक होतं. बाई, दोन मुली आणि घरगुती गप्पा, अशी त्याची मांडणी. आजच्या भाषेत अगदी 'सुलभ'. त्या पुस्तकानं त्याला विज्ञानाकडे ओढलं, हे फॅरेडेनं मोठेपणी स्वतः कबूल केलं. वीज आणि चुंबकत्व यांची सांगड घालणारा माणूस अशा वाटेनं आला, आणि मोठा झाल्यावर तो स्वतः मुलांसमोर मेणबत्ती ठेवून तिच्या ज्योतीवर व्याख्यानं देत उभा राहिला. दुसरं उदाहरण एर्विन श्रोडिंगर यांचं. १९४३ मध्ये डब्लिनला त्यांनी सामान्य श्रोत्यांपुढं 'जीवन म्हणजे काय' या विषयावर व्याख्यानं दिली, पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक झालं. ते वाचून वॉटसन आणि क्रिक हे दोघे जनुकाच्या प्रश्नाकडे वळले आणि १९५३ साली त्यांनी डीएनएची रचना मांडली. समीकरण न झेपणाऱ्यांची ही यादी आहे का?

आता साहित्यवाल्यांकडे. त्यांच्याकडे म्हण तयार असते: आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अनुभवाचा आड कोरडा असेल तर पुस्तकी विज्ञान ओतून काय होणार? म्हण चांगली आहे, तिच्यातल्या आडाकडे मी पुढं येणारच आहे. आधी अनुभव म्हणजे काय, ते बघू. आपण अंगावर सोसलं तेवढंच अनुभव, की डोक्यात शिरून ज्यानं बघण्याची तऱ्हा बदलली तेही?

कुसुमाग्रजांचं 'पृथ्वीचे प्रेमगीत' मराठी वाचकाला तोंडपाठ असतं. १९४२ च्या 'विशाखा'त ते आहे. पृथ्वी सूर्यावर जीव लावून त्याच्याभोवती फिरते. धूमकेतू, शुक्र, मंगळ, ध्रुव असे उमेदवार आकाशात हजर आहेत, आणि तिला त्यांतला एकही नको. तो दूर आहे म्हणून ती जळते, जवळ गेली तर भस्म होईल. हे सगळं नाट्य कशावर उभं आहे? पृथ्वी फिरती आणि सूर्य मध्यभागी, या एका वैज्ञानिक गोष्टीवर. पृथ्वी अचल मानणाऱ्या काळातल्या कवीला, तो कितीही थोर असो, ही कविता सुचलीच नसती. त्याला सूर्याचं प्रेमगीत लिहावं लागलं असतं. कवीनं खगोलशास्त्राची पदवी घेतली नव्हती. शिकल्या-वाचल्यातून मनात मुरलेलं आकाश त्याला पुरलं. हा अनुभव नव्हे, असं कोण म्हणेल?

जयंत नारळीकरांची गोष्ट सर्वांना ऐकून माहीत आहे, पण तिचा अर्थ क्वचितच कुणी लावतो. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली. नावाचा दबाव परीक्षकांवर पडू नये म्हणून आद्याक्षरं उलटी फिरवून लेखकाचं नाव ठेवलं नारायण विनायक जगताप. अक्षर ओळखीचं निघू नये म्हणून कथा उतरवून दिली पत्नी मंगलाताईंनी. जगताप पहिले आले. पण केंब्रिजला शिकलेल्या गणितज्ञाला गोष्ट लिहावी असं मुळात वाटलं कसं? त्यांचे गुरू फ्रेड हॉईल. विश्वाची उत्पत्ती रेडिओवरून सामान्य माणसाला समजावणारे, आणि १९५७ मध्ये 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी लिहिणारे. संशोधन, लोकांसाठी लेखन आणि कथा ही तिन्ही कामं एकच माणूस ताठ मानेनं करू शकतो, हे शिष्यानं जवळून पाहिलं होतं. विज्ञानाचा रंजक लेखक दुसऱ्या लेखकाला मुख्यत्वे हे देतो: धीटपणा आणि तऱ्हा. माहिती कुठूनही मिळते.

इथं प्रतिपक्षाचा एक मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. मराठी विज्ञानकथेतली बरीच पात्रं माणसं नसतात, फळ्यापुढं उभे केलेले निवेदक असतात. एक प्रश्न विचारतो, दुसरा पानभर उत्तर देतो. यंत्रमानवाचं नाव गोविंद ठेवलं आणि यान पुण्यावरून उडवलं म्हणून कथा मराठी होत नाही. हे दोष आहेतच. पण ते कथा लिहिण्यातले दोष आहेत, विज्ञानाकडून प्रेरणा घेण्यातले नव्हेत. ग्रामीण कथेत पाटील, सावकार आणि पिचलेली सून यांचे ठोकळे शेकड्यांनी पडले. त्यावरून गावाकडून प्रेरणा घेऊ नये, असा ठराव कुणी मांडला नाही.

राहिलं तिसरं म्हणणं: जालन्याला याचं काय?

जालन्याला याचं जेवढं आहे तेवढं फार थोड्या जिल्ह्यांना असेल. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथं महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. महिकोच्या स्थापनेपासून बियाणं हा इथल्या पंचक्रोशीचा धंदा आहे. संकरित कपाशीच्या सीड प्लॉटवर काम कसं चालतं ते जवळून बघा. दुपार कलली की बायका-पोरी मादी ओळीत शिरतात. उद्या उमलणार अशी कळी हेरायची, अंगठ्याचं नख तळाशी लावून पाकळ्या आणि पुंकेसर एका फिरकीत सोलून काढायचे. आतली नाजूक मादी दुखावता कामा नये, आणि एक परागकोशही मागं राहता कामा नये. मग ओळखीला लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाया नर ओळीतली उमललेली फुलं खुडून आणतात, लाल टोपी दिसली की ती काढून नराचं फूल मादीवर हलकेच फिरवतात. एक नर चार-पाच माद्यांना पुरतो. उन्हं चढायच्या आत काम आटोपायचं. याला सगळे 'क्रॉसिंग' म्हणतात. जगातला पहिला व्यापारी कपाशी संकर, एच-४, १९७० साली गुजरातेत सी. टी. पटेल यांनी दिला, तो या हातकामाच्या जोरावरच शेतांत पसरला.

या दृश्यात किती कथा दडल्या आहेत! मजूर बाईच्या नखावर एका उद्योगाची शुद्धता तोललेली आहे. दुसऱ्यांच्या फुलांची लग्नं लावणाऱ्या पोरींच्या स्वतःच्या लग्नाचं काय, हे तर कुठल्याही कथाकाराला सुचेल. पण त्याच्यापुढचं कथाकाराला सुचायचं, तर आनुवंशिकतेचे नियम मांडणारा मेंडेल कुणीतरी त्याला रस येईल असा सांगितलेला हवा. संकराची पहिली पिढी एकसारखी जोमदार येते. तिचं बी घरी राखून पेरलं की दुसऱ्या पिढीत गुण फुटतात, कुठं आजोबा, कुठं आजी डोकं वर काढतात, पीक बारा भानगडींचं होतं. म्हणून शेतकरी दर मृगाला दुकानाच्या पायरीवर उभा राहतो. त्याचं परावलंबन फक्त बाजारानं लादलेलं नाही, ते फुलाच्या आत सुरू होतं. बोगस बियाण्यावर, उधारीवर, कृषी सेवा केंद्रातल्या अपमानावर आपण पुष्कळ लिहिलं. फुलाच्या आत डोकावलेली कादंबरी मात्र माझ्या वाचनात नाही.

जालन्याचा दुसरा धंदा लोखंडाचा. भट्टीत भंगार वितळतं, त्याचं बिलेट होतं, बिलेटची सळई. लालबुंद सळई शेवटच्या रोलरमधून सुटली की तिच्यावर जोराचा पाण्याचा मारा होतो. बाहेरची कातडी क्षणात गार आणि टणक, गाभा अजून तापलेला. मग गाभ्यातली आच हळूहळू बाहेर येते आणि त्या कडक कातडीचा ठिसूळपणा घालवते. वरून कठीण, आतून लवचिक, म्हणून भूकंपात सळई वाकते पण तुटत नाही. हे वाचलेला लेखक भट्टीवरच्या परप्रांतीय मजुराकडे आणखी एका नजरेनं बघेल. न वाचलेला घाम आणि धग लिहून परत येईल. ते आधीच कितीकांनी लिहून झालं आहे.

आता त्या आडाकडे. आडात पाणी का नाही? आपली कविता आभाळाकडे बोट दाखवते. पायाखाली काय आहे? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे एकावर एक थर. अखंड काळ्या पाषाणात पाणी जवळजवळ राहतच नाही. ते राहतं वरच्या मुरमात, दोन थरांच्या सांध्यात, खडकाच्या चिरांत. म्हणून एका बांधावर बोअरला तीन इंची धार लागते आणि पन्नास पावलांवर सख्ख्या भावाच्या रानात नुसता फुफाटा उडतो. हातावर नारळ आडवा धरून रान फिरणारा पाणाड्या, त्याच्यावर भरवसा ठेवून कर्ज काढणारा बाप, कोरड्या बोअरचा दोष सुनेच्या पायगुणाला देणारी सासू, या साऱ्यांच्या नशिबाचा नकाशा त्या चिरांमध्ये आहे. कडवंचीसारख्या गावानं १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पाणलोटाची कामं करून पावसाला मुरायला भाग पाडलं आणि पुढं द्राक्षबागा उभ्या केल्या. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची, विजयअण्णा बोराडे यांच्यासारख्या माणसांची मेहनत त्यामागं आहे. पाणलोटाचं शास्त्र त्यांनी शेतकऱ्याला त्याच्याच बोलीत, गप्पांच्या ओघात सांगितलं. तिथं 'रंजक म्हणजे पातळ' हा नियम लावला असता तर बांध कागदावरच राहिले असते.

आणि ज्या मातीची शपथ घालून नवोदितांना विज्ञानापासून दूर ठेवलं जातं, त्या मातीचंच बघा. दुष्काळावरची कविता म्हटली की भेगाळलेली जमीन आलीच. मुखपृष्ठावर फोटोही तोच. पण काळी माती सुकाळातही उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. त्या भेगांत वरची ढेकळं, पालापाचोळा पडतो, वळवाचं पाणी थेट खोल उतरतं, माती वरखाली होते. रान स्वतःला नांगरून घेतं, असं म्हणतात ते यामुळं. म्हणजे आपण जिला मरणाची खूण मानून पन्नास वर्षं कविता लिहिल्या, ती त्या मातीची जगण्याची रीत आहे. 'माती वाचा' असं व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी ती किती वाचली होती?

निसर्ग समजून घेण्याची ही भूक जालन्याला परकीही नाही. समर्थ रामदास १६०८ मध्ये जन्मले ते घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी. दासबोधाच्या सोळाव्या दशकात त्यांनी सूर्य, पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू यांना एकेक समास दिला आहे. त्यांचा हेतू परमार्थाचा, हे उघडच. ते आजच्या अर्थानं विज्ञान नव्हे. पण पाणी कुठं कुठं जातं आणि काय काय होतं, याचं कुतूहल ओवीत रंगवणं त्यांना कमीपणाचं वाटलं नाही.

प्रतिपक्षाची एक भीती मात्र मी मान्य करतो. रंजनाच्या नावाखाली थापाही खपतात. मंठ्याहून जवळ असलेल्या लोणारचं सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झालं, तेव्हा फोनवर चमत्कारांचा आणि प्रलयाच्या भाकितांचा पूर आला. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासलं. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. अफवेत आणि चांगल्या रंजक लेखात फरक कसा ओळखायचा? चांगला लेखक हे कळलं कसं, तेही सांगतो. लोणारचं विवर ज्वालामुखीचं की अशनीचं, यावर लोक दीर्घकाळ वाद घालत होते. प्रचंड आघातानंच तयार होणारी काच तिथल्या खडकात सापडली, १९७३ साली तो पुरावा प्रसिद्ध झाला आणि पारडं फिरलं. हा शोध सांगताना तिथली लवणासुराची पुराणकथा फेकून द्यावी लागत नाही. उलट, आभाळातून काहीतरी आलं आणि जमीन फाटली, या कल्पनेचं दोन्हीकडचं रूप शेजारी ठेवता येतं. आणि रंजक लेखकाची थोडी चूक झालीच, तरी आकाश कोसळत नाही. श्रोडिंगरच्या पुस्तकातले काही अंदाज पुढं चुकीचे ठरले, पण त्यानं विचारलेला प्रश्न बरोबर होता आणि काम प्रश्नानं केलं.

पुस्तकं कमी आहेत म्हणावं, तर तीही सबब नाही. निरंजन घाटे, बाळ फोंडके, मोहन आपटे, सुबोध जावडेकर, अच्युत गोडबोले यांनी मराठीत कपाटं भरतील एवढं लिहून ठेवलं आहे. भोकरदनच्या, परतूरच्या, अंबडच्या वाचनालयांत ती पुस्तकं बालविभागात किंवा स्पर्धापरीक्षांच्या गठ्ठ्यात पडून असतात, ही अडचण आहे. ती उचलून कथा-कवितेच्या शेजारी लावा. मेळाव्यात नवोदितांपुढं समीक्षक बसवता तसा एकदा भूजलाचा जाणकार बसवा, सीड प्लॉटवरची मुकादम बाई बसवा, आणि त्यांना बोलू द्या. पोरांना लिहायला विषय सापडले नाहीत, तर पुढच्या वर्षी तुमचा उपदेश मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन. तोवर, मातीचं लिहा असं ज्यांना सांगता त्यांच्या हातातून मातीवरचं पुस्तक काढून घेऊ नका.